ब्रेस्ट कॅन्सरचं रेडिएशन: तिला २५ सिटिंग, मला १५. असं का?

कोयनाकाठ | ६ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, लिहिते पहिल्यांदाच.

वय ५२, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ऑक्टोबरात डाव्या स्तनातली गाठ काढली. स्तन ठेवला आहे. काखेतल्या गाठी तपासायला घेतल्या होत्या, त्या स्वच्छ निघाल्या. मग चार केमो झाल्या, केस गेले, आता बोटभर आलेत. येत्या सोमवारपासून रेडिएशन. आमच्याकडे सगळे 'लाइट' म्हणतात. तीन आठवडे, १५ सिटिंग आणि वर ५ 'बूस्ट', म्हणजे गाठ होती तेवढ्या जागेला जादा डोस.

केमोला माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक ताई असायच्या. त्यांचा आजार माझ्यासारखाच, पण गाव दुसरं, रेडिएशनही दुसरीकडे झालं. त्यांना २५ सिटिंग दिली आणि वर बूस्ट. परवा फोनवर त्यांना माझं सांगितलं तर पटकन म्हणाल्या, "पंधराच? मग राहिलेली दहा कुठं गेली?"

त्या सहज बोलल्या. पण तेव्हापासून मला झोप नाही. माझं सगळं जनआरोग्य योजनेतून चाललंय. योजनेतली बाई म्हणून कमी देतायत का, हा विचार डोक्यातून जात नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "हल्ली असंच देतात." एवढ्यावर समाधान होत नाही हो. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

दुसरं, मागच्या गुरुवारी सिम्युलेशन झालं. हात डोक्यावर धरून उताणं झोपवलं, अंगावर जांभळ्या शाईने रेघा मारल्या, तीन बारीक ठिपके सुईने गोंदले आणि सीटी काढला. मग सांगितलं की आता प्लॅन बनायला आठवडा लागेल. एक आठवडा नेमकं काय करतात?

---

रानजाई | ६ मार्च, रात्री ११.१५

कोयनाकाठ ताई, आधी एक सांगते, योजना आणि सिटिंगचा आकडा यांचा काही संबंध नाही. माझं खासगीत झालं, पैसे भरून, तीन वर्षांपूर्वी. मलाही १५च होती. झोपा निवांत. बाकीचं इथले 'किरणमाप' सांगतील, त्यांना विपू (खासगी निरोप) करते.

---

किरणमाप | ७ मार्च, सकाळी ७.०५

मी मेडिकल फिजिसिस्ट. डॉक्टर नव्हे, पण हे प्लॅन बनवण्यातच २२ वर्षं गेली. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी आकडे. रेडिएशनचा डोस 'ग्रे'मध्ये मोजतात. एक किलो पेशींमध्ये एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की तो १ ग्रे. त्या ताईंना बहुधा रोज २ ग्रे दिले, २५ दिवस, एकूण ५०. तुम्हाला रोज सुमारे २.६७ ग्रे, १५ दिवस, एकूण ४०. म्हणजे दहा दिवस कापले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, असं नाही. रोजचा घास मोठा केला आहे.

पण ४० तर ५० पेक्षा कमीच, असं तुम्ही म्हणाल. इथेच सगळ्यांची गल्लत होते. रेडिएशनची नुसती बेरीज करून तुलना करता येत नाही. वैशाखात एका दिवशी सलग दोन तास उन्हात उभं राहणं आणि आठ दिवस रोज पंधरा मिनिटं उभं राहणं, ऊन तेवढंच, पण कातडी पहिल्या दिवशीच सोलते. एकेका वेळचा डोस मोठा झाला की पेशींवरचा परिणाम त्या प्रमाणाच्या बाहेर वाढतो, म्हणून एकूण बेरीज कमी ठेवावी लागते. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींना रोजच्या डोसचा आकार चांगलाच जाणवतो. तीन आठवड्यांत काम आटोपलं की मधल्या काळात त्यांना पुन्हा वाढायला फुरसतही कमी मिळते.

हे कुणाच्या मनात आलं म्हणून चालू झालेलं नाही. ब्रिटनमधल्या 'स्टार्ट-बी' चाचणीत ५० ग्रे २५ सिटिंगमध्ये आणि ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये, अशी समोरासमोर तुलना झाली. दहा वर्षांनी त्याच बाजूला आजार परत आलेल्या बायका पहिल्या गटात ५.५ टक्के, दुसऱ्या गटात ४.३ टक्के. स्तनाचा आकार बदलणं, कातडी घट्ट होणं हे उशिराचे त्रासही १५वाल्या गटात कमीच निघाले. कॅनडात ४२.५ ग्रे १६ सिटिंगमध्ये देऊन पाहिले, तिथे दहा वर्षांचे आकडे ६.७ आणि ६.२ टक्के, म्हणजे सारखेच. तुमच्या डॉक्टरांचं "हल्ली असंच देतात" बरोबर आहे, फक्त त्यामागे हजारो बायकांचा दहा-दहा वर्षांचा पाठपुरावा आहे हे त्यांनी सांगायला हवं होतं.

२५ सिटिंगही चुकीची नाहीत. काही केंद्रांत जुनी पद्धत आहे, काही डॉक्टर विशिष्ट परिस्थितीत तीच निवडतात, उदाहरणार्थ स्तनाची पुनर्रचना केलेली असेल तर. त्या ताईंना जास्त मिळालं नाही आणि तुम्हाला कमी मिळालेलं नाही.

आता तो आठवडा. दुपारी लिहितो, रुग्ण थांबलेत.

---

दूरदेशी | ७ मार्च, सकाळी ९.३०

मी मँचेस्टरजवळ राहते. माझी ऐका: मला फक्त ५ सिटिंग होती! सोमवारी सुरू, शुक्रवारी संपलं. २०२० साल, कोविड शिगेला, आणि इथे नुकतेच 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीचे निकाल आले होते. २६ ग्रे, पाच दिवसांत, रोज ५.२. त्या चाचणीत ४,०९६ रुग्ण होते. पाच वर्षांनी त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण १५ सिटिंगवाल्यांत २.१ टक्के आणि २६ ग्रे पाच दिवसांत घेतलेल्यांत १.४ टक्के होतं.

मलाही तेव्हा हाच धसका बसला होता की रुग्णालयं भरलीत म्हणून माझं पाचात उरकतायत. आई ठाण्याहून रोज फोन करून म्हणायची, "अगं, नीट विचार, पूर्ण दे म्हणावं." तुमची भीती अगदी ओळखीची आहे.

---

किरणमाप | ७ मार्च, दुपारी २.५०

हां, तर तो आठवडा.

सीटीचे साधारण तीन-तीन मिलिमीटरचे काप असतात, मानेपासून पोटाच्या वरपर्यंत. डॉक्टर एकेका कापावर माऊसने रेघ ओढत जातात: हा स्तन, ही गाठ काढलेली जागा (तिथे शस्त्रक्रियेच्या वेळी बारीक क्लिपा ठेवल्या असतील तर फार सोपं जातं), हे फुप्फुस, हे हृदय, ही हृदयाच्या पुढच्या अंगाने जाणारी रक्तवाहिनी. शंभराच्या आसपास काप. नुसती रेघ ओढण्यातच अर्धा दिवस जातो.

मग ते माझ्याकडे येतं. झोत समोरून सरळ मारला तर तो पाठीपर्यंत फुप्फुसातून जाईल. म्हणून दोन तिरके झोत घेतो, एक आतल्या बाजूने आणि एक बाहेरून, बरगड्यांना जेमतेम घासून जाणारे. पण स्तन चौकोनी डबा नाही. तळाशी जाड, टोकाकडे निमुळता. निमुळत्या भागात अडवायला मांस कमी, तिथे डोस चढतो. पूर्वी झोतात धातूची पाचर घालून तो चढ कमी करायचे. आता मशीनच्या डोक्यातल्या बारीक पात्या मागेपुढे करून मोठ्या झोतात छोटे झोत घालतो आणि जिथे जास्त होतंय तिथे झाकतो. स्तनाच्या सगळ्या भागाला ठरलेल्या डोसच्या किमान ९५ टक्के मिळावेत आणि कुठेही १०७ टक्क्यांच्या वर फारसं जाऊ नये, अशी ओढाताण चालते. आकार मोठा असेल तर स्तनाखालची घडी आणि काखेचा कोपरा फार छळतात. कातडी पुढे तिथेच आधी जाते, हे लक्षात ठेवा.

तुमची बाजू डावी, म्हणून हृदयाचं सांगतो. २०१३ साली स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या बायकांवरचा एक अभ्यास आला. हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या दर १ ग्रेमागे हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो असं त्यात दिसलं. म्हणजे शंभरातल्या सात बायकांना झटका, असं नव्हे. मुळात जेवढा धोका असेल त्याच्या ७.४ टक्के भर. त्यातल्या बायकांचे उपचार १९५८ ते २००१ मधले, तेव्हा हृदयाला डोस बराच जायचा. आजच्या चांगल्या प्लॅनमध्ये तो एक-दोन ग्रेच्या आसपास ठेवता येतो. तुम्हाला श्वास रोखून धरायची सवय करायला सांगितली का?

प्लॅन झाला की डॉक्टर तो पाहतात, सही करतात. मग मशीनवर रुग्णाशिवाय एकदा चालवून मोजून घेतो. प्लॅन दोनदा परत आला तर आठवडा पुरत नाही.

---

कोयनाकाठ | ७ मार्च, रात्री ९.२०

किरणमाप, तुमचे पाय धरावेसे वाटतात. कुणी इतकं समजावून सांगितलं नव्हतं. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

हो, श्वासाचं सांगितलं आहे. पोटावर एक छोटी ठोकळ्यासारखी वस्तू ठेवतात, समोर पडद्यावर एक रेघ वर-खाली होते, ती हिरव्या पट्ट्यात नेऊन वीस सेकंद धरायची. पहिल्या दिवशी बारा सेकंदांत सुटला. आता घरी रोज देवापुढे बसून सराव करते. धाकटा घड्याळ लावतो. काल अठ्ठावीस झाले!

---

किरणमाप | ७ मार्च, रात्री ९.४५

वा! तेच हवं. खोल श्वासाने फुप्फुस फुगतं, श्वासपटल खाली जातं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं. कधी एका बोटाचीच फट पडते, पण त्या फटीत हृदयाचा डोस निम्म्यावर आलेला मी अनेकदा पाहिला आहे. बाहेर बसून मी करतो त्यापेक्षा तुमचे ते वीस सेकंद जास्त कामाचे.

---

माळावरचा | ८ मार्च, सकाळी ८.१०

किरणमाप सर, एक विचारू का? मी यवतमाळ जिल्ह्यातला. आईचं वय ६४, उजवा स्तन पूर्ण काढला. जिथं रेडिएशन चालू आहे तिथं कोबाल्टचं मशीन आहे. शेजारचे म्हणतात ते जुनं मशीन, त्याने कातडी जळते, नागपूरला न्या. १५ पैकी ६ झालेत. आई एकटी राहू शकत नाही, माझं कापसाचं काम. नेऊ का?

---

किरणमाप | ८ मार्च, दुपारी १.३०

माळावरचा, मध्येच सोडून नेऊ नका. मध्ये खंड पडणं हे कोबाल्टपेक्षा वाईट.

कोबाल्ट जुनं तंत्र आहे हे खरं. पण आपल्या देशात किती बायका त्यावर बऱ्या झाल्यात याची गणती नाही, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याच कामासाठी 'भाभाट्रॉन' हे देशी मशीन घडवलं ते उगाच नाही. फरक असा: कोबाल्टचे किरण कातडीच्या खाली अर्ध्या सेंटिमीटरवर पूर्ण जोरात येतात, नेहमीच्या लिनॅकचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या नव्या मशीनचे, साधारण दीड सेंटिमीटरवर. त्यामुळे कोबाल्टवर कातडीला थोडं जास्त सोसावं लागतं. मात्र स्तन काढल्यावर डॉक्टरांना बऱ्याचदा कातडीपर्यंत डोस न्यायचाच असतो. लिनॅकवर त्यासाठी छातीवर जेलची जाड चादर ठेवतात, तिला बोलस म्हणतात. म्हणजे आईची कातडी काळवंडली तर उपचार चुकला असं समजू नका.

आणखी एक, आईने "आज जास्त वेळ ठेवलं" असं म्हटलं तर घाबरू नका. कोबाल्टचा स्रोत हळूहळू क्षीण होतो, सव्वापाच वर्षांत निम्मा. तेवढाच डोस पोचवायला दर महिन्याला वेळ साधारण एक टक्क्याने वाढवतात. डोस तोच राहतो.

बाजू उजवी आहे, म्हणून हृदयाची काळजीही कमी. गळ्याच्या हाडाच्या वरच्या भागाला देतायत का?

---

माळावरचा | ८ मार्च, रात्री ८.००

हो, गळ्याकडं पण देतात. दोन दिवसांपासून भाकर गिळताना अडकते म्हणते.

---

रानजाई | ८ मार्च, रात्री ८.२०

ते त्यामुळेच. अन्ननलिका त्या वाटेत येते. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या, मऊ भात, कोमट मुगाचं कढण, पातळ भरड. तिखट, आंबट, फार गरम काही दिवस नको. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. डॉक्टरांना सांगा, जेवणाआधी घ्यायला औषध देतात. संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत जातं.

---

रानजाई | ८ मार्च, रात्री ९.००

आता कोयनाकाठ ताईंसाठी कातडीचं सविस्तर लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा मी फार त्रास भोगला.

पहिले दहा दिवस काही होत नाही. मी सगळ्यांना फोन करून सांगत होते, मला काहीच झालं नाही म्हणून. तिसऱ्या आठवड्यात खाज, गरमी, कातडी ताणल्यासारखी. पुस्तकात 'लाली' लिहितात. आपल्या सावळ्या अंगावर लाली दिसत नाही! मला तर वाटलं काळं पडलंय, उन्हाने पडलं असेल. आपल्याकडे रंग पाहू नका, हात लावून पाहा: गरम लागतं का, ओढल्यासारखं होतं का, घडीत चुरचुरतं का.

शेवटचं सिटिंग झालं, टेक्निशियन मुलींना पेढे दिले, घरी आले. हातात कागद: तीन महिन्यांनी या. आणि मग सात-आठ दिवसांनी स्तनाखालची घडी फुटली. ओली, पांढरट, साडी चिकटायची. मला वाटलं काहीतरी बिघडलं, जास्त दिलं गेलं. रात्रभर रडले. त्या केंद्रात फोन केला तर उचलणाऱ्याने सांगितलं, "तुमचं ट्रीटमेंट संपलंय, आता सर्जनला दाखवा." सर्जन गावाला. शेवटी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी नुसतं पाहूनच सांगितलं की हे रेडिएशनचं आहे, मलम आणि न चिकटणारी पट्टी देतो, तीन आठवड्यांत भरेल. तसंच झालं.

म्हणून ताई, मनाशी गाठ बांधा: मशीन बंद झालं तरी कातडीचं काम चालू राहतं. सगळ्यात वाईट दिवस शेवटच्या सिटिंगनंतर साधारण आठ-दहा दिवसांत येतात आणि मग उतरतात. शेवटच्या दिवशीच विचारून घ्या की या काळात काही झालं तर कुणाला फोन करायचा. नंबर कागदावर लिहून घ्या.

---

चैत्रपालवी | ९ मार्च, सकाळी ६.४०

माझ्या सासूबाईंच्या अनुभवावरून: खोबरेल तेलात हळद खलून रोज लावा, अजिबात जळत नाही. आणि डाळीच्या पिठाने अंघोळ.

---

किरणमाप | ९ मार्च, सकाळी ७.३०

चैत्रपालवी, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतं. पण या जागेवर पीठ चोळणं नको. कातडी आतून पातळ होत असते, घासलं की निघते. तेल किंवा मलमाचा जाड थर ठेवून मशीनखाली गेलं तर तो थर छोट्या बोलससारखं काम करतो आणि डोस कातडीकडे ओढतो. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, पातळ, सिटिंग झाल्यावर. काही ठिकाणी पहिल्या दिवसापासूनच मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड मलम देतात, त्याने जळजळ कमी होते असं चाचण्यांत दिसलं आहे. पण तेही डॉक्टरांनी दिलं तरच.

---

रानजाई | ९ मार्च, सकाळी ८.१५

+१. कोमट पाणी, साधा साबण, हाताने, गुंजभर फेस. टॉवेल घासायचा नाही, टेकवायचा. ब्रा नको. जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा दुमडून घडीत ठेवायचा, घाम टिपला जातो. मी नवऱ्याचे जुने बनियन घातले दोन महिने. काखेत रेझर नको, वॅक्स तर नकोच.

आणि मंगळसूत्र! मशीनवर काढायला लावतात आणि नंतरही त्याची साखळी बरोबर त्या जागी घासते. माझ्या जाऊबाईंनी ते दुहेरी करून मनगटात घालून दिलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

---

कोयनाकाठ | १४ मार्च, संध्याकाळी ६.३०

पहिला आठवडा झाला. सोमवारी जायच्या आधी हात थरथरत होते. मंगळसूत्र मनगटात घालून गेले. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "बाई, तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

पहिल्या दिवशी अर्धा तास लागला, फोटो काढून जागा जुळवली. आता दहा मिनिटांत बाहेर. किरण कळतच नाहीत, फक्त मशीनचा आवाज. माईकवर ती मुलगी म्हणते, "मोठा श्वास घ्या, धरा," आणि मी हिरव्या रेघेकडे बघत मनात बाराखडी म्हणते. 'झ'पर्यंत गेले की ती "सोडा" म्हणते.

घरी मात्र एक झालं. लेकीचा मुलगा आठ महिन्यांचा आहे. आमच्या आत्याबाई आल्या होत्या, त्यांनी त्याला माझ्या मांडीवरून उचलून नेलं. "किरणं अंगात असतात, लेकराला लागतील." लेक काही बोलली नाही. मी पण गप्प बसले. तसं खरं असतं का?

---

किरणमाप | १४ मार्च, संध्याकाळी ७.००

अजिबात नाही. तुम्हाला बाहेरून किरण देतात. मशीन बंद झालं की दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसं अंगात काही उरत नाही. मशीनच्या खोलीतून बाहेर पडल्या क्षणी बाळाला घ्या. शरीरात स्रोत ठेवून करायचे उपचार वेगळे, त्यांचे नियम वेगळे. तुमचे ते नाहीत. आत्याबाईंना फोन लावून द्या, मी बोलतो.

---

दूरदेशी | १४ मार्च, संध्याकाळी ७.१०

ताई, आत्ता घ्या त्याला मांडीवर. आत्ता.

---

कोयनाकाठ | १४ मार्च, रात्री ८.४०

घेतलं. झोपलाय.

---

कोयनाकाठ | २० मार्च, रात्री ९.००

काल पाडव्याला केंद्र बंद होतं, एक दिवस गेला. काळजी करू का? आणि थकवा फार येतोय. एसटीतून उतरून घरापर्यंतचा चढ चढताना मध्ये बसावं लागतं.

---

किरणमाप | २० मार्च, रात्री ९.३०

एक दिवस शेवटी जोडतात, चिंता नको. शनिवार-रविवारही मशीन बंदच असतं, तेवढ्यात चांगल्या पेशींची डागडुजी होते. मात्र आपणहून दांडी मारायची नाही.

---

रानजाई | २० मार्च, रात्री ९.५०

थकवा येतो, आणि शेवटी शेवटी जास्त. पडून राहिलं तर वाढतो, हे विचित्र आहे पण खरं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वीस मिनिटं चाला, अंगणात का होईना. रक्त तपासून घ्या, केमोनंतर हिमोग्लोबिन कमी असतं बऱ्याच जणींचं. एसटीत कर्करुग्णांना तिकिटात सवलत आहे, दाखला काढलात का?

हात भिंतीला लावून बोटं वर चढवत नेण्याचा व्यायाम सोडू नका. हात डोक्यावर धरता आला नाही म्हणून सिम्युलेशन पुढे ढकललेल्या बायका मी पाहिल्यात.

---

गोदातीर | २२ मार्च, सकाळी ११.००

हा धागा वाचून लिहिते आहे. आम्ही नांदेडहून मुंबईला परळला टाटामध्ये चाललोय, बहिणीला. राहायचं कुठे?

---

माळावरचा | २२ मार्च, दुपारी १२.२०

दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडं आधी फोन करून जा, गर्दी असते. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सूट आहे, सोबतच्याला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो.

आईचं परवा संपलं. गिळायला अजून दुखते, पण ताक-भात खाते. गळ्याखाली चौकोनात काळं पडलंय.

---

कोयनाकाठ | ६ एप्रिल, रात्री ८.१५

आज विसावं झालं. रानजाई ताईंचं ऐकून शेवटच्या दिवशी सिस्टरांना स्पष्ट विचारलं: पुढच्या दोन आठवड्यांत कातडी फुटली तर कुणाला फोन करू? त्यांनी वहीतून पान फाडून नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, "असं कुणी विचारत नाही हो."

सध्या घडीत खाज, काखेजवळ काळसर. कधी कधी आतून वीज चमकावी तशी कळ येते आणि जाते.

---

रानजाई | ६ एप्रिल, रात्री ८.४०

ती कळ मज्जातंतूंची, मलाही यायची. अजूनही वर्षातून दोनदा येते. आता दहा दिवस जपा.

---

कोयनाकाठ | १६ एप्रिल, दुपारी ३.००

आली ती वेळ. सोमवारी, म्हणजे बरोबर सातव्या दिवशी, स्तनाखाली दोन बोटांएवढी जागा ओली झाली. इथे पारा चाळीसवर, त्यात दुपारी तीन तास वीज गेलेली. पण यावेळी मी रडले नाही. नंबरवर फोन केला, सिस्टरांनी मोबाईलवर फोटो मागवला, दुसऱ्या दिवशी बोलावलं. मलम आणि न चिकटणारी जाळीची पट्टी दिली. पू नाही, ताप नाही, म्हणून अँटिबायोटिक नको म्हणाल्या. दुपारी ओल्या फडक्याने गळा-पाठ पुसून दार उघडं टाकून पडते, सदरा सैल, हात जरा लांब.

---

किरणमाप | १६ एप्रिल, सायंकाळी ५.३०

छान सांभाळलंत. ताप आला, वास यायला लागला किंवा ओली जागा पसरली तर लगेच फोन. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा कुणाच्या लक्षात राहत नाही: पुढच्या एक ते तीन महिन्यांत, क्वचित सहाव्या महिन्यापर्यंत, कोरडा खोकला आणि धाप लागली तर गावातल्या डॉक्टरांना "मला छातीला रेडिएशन झालंय" हे आधी सांगा. फुप्फुसाची एक सूज येते, फार थोड्या जणींना. न्यूमोनिया समजून नुसतं अँटिबायोटिक देत बसतात, तिला लागलं तर स्टेरॉइड लागतं. त्या बाजूचा हात सुजला, बांगडी घट्ट झाली तरी दाखवा.

---

कोयनाकाठ | ४ मे, सकाळी १०.१०

जखम भरली. खालून गुलाबी कोवळी कातडी आलीय, भोवती काळा पट्टा. मशीनच्या झोताची कड जिथे होती तिथे रंगाची सरळ रेघ दिसते, पट्टीने मारल्यासारखी. थकवा आहे, पण चढ आता एका दमात चढते. जूनला शाळेत रुजू होणार.

माझ्या त्या केमोच्या ताईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मला दहा फुकट दिली?" मी म्हटलं, नाही, तुमचं पन्नास आणि माझं चाळीस बरोबरीचंच. मग त्यांनीही किरणमाप काय म्हणाले ते दोनदा वाचायला लावलं.

---

गोदातीर | ४ मे, सकाळी ११.३०

बहिणीचं पुढच्या सोमवारी सुरू. १५ सिटिंग, उजवी बाजू. कोयनाकाठ ताई, पहिल्या दिवशी सोबत काय द्यायचं?

---

कोयनाकाठ | ४ मे, सकाळी ११.४५

पुढून बटणं असलेला सैल सुती सदरा, फिका नको, शाईचे डाग पडतात. रेघा पुसट झाल्या तर तिथेच सांगायचं, घरी स्वतः गिरवायच्या नाहीत. मशीनच्या खोलीत गारठा फार असतो, बाहेर थांबताना अंगावर घ्यायला चादर. श्वास रोखायचा नसला तरी अगदी स्थिर पडायचं असतं, तेवढं घरी उताणं झोपून सवय करून घ्या. आणि मंगळसूत्र मनगटात कसं घालायचं त्याचा फोटो विपूमध्ये पाठवते.